सल्ला देणाऱ्याचा सातबारा

गुंतवणूक सल्लागाराच्या कामात नव्या कुटुंबाची ओळख आधी त्यांच्या कागदांतून होते. जाड फाइलमधून विम्याच्या सहा-सात पॉलिस्या निघतात आणि त्या सगळ्या मिळूनही घरातल्या कमावत्या माणसाच्या दोन वर्षांच्या पगाराएवढं संरक्षण भरत नाही. म्युच्युअल फंडांच्या डझनभर योजना निघतात, त्यातल्या निम्म्या जवळजवळ तेच शेअर घेऊन बसलेल्या असतात. पतसंस्थेच्या पावत्या असतात, 'गॅरंटीड' असं ठळक छापलेलं माहितीपत्रक असतं. हे कोणी सुचवलं, या प्रश्नाला उत्तर लगेच मिळतं: बँकेतल्या साहेबांनी, भावजींच्या मित्राने, आमच्या सीएंनी, एका व्हिडिओत बघितलं. पुढचा प्रश्न, म्हणजे ही व्यक्ती कोणत्या नात्याने सल्ला देत होती आणि तिची नोंदणी कशाची होती, हा मात्र घरात कुणी विचारलेलाच नसतो. माझ्या मते घोळाचं मूळ इथे आहे. आणि इथेच एक गोष्ट उघड सांगायला हवी: मी स्वतः नोंदणीकृत सल्लागार असल्यामुळे 'नोंदणी बघा' असं म्हणण्यात माझा फायदा आहे. म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नका. पुढे जे मांडतो आहे ते ताडून बघता येण्याजोगं आहे.

सल्लागाराची पात्रता का बघायची, याचं नेहमीचं उत्तर 'शिकलेला माणूस जास्त हुशार असतो' असं दिलं जातं. ते मला पटत नाही. परीक्षा पास झालेल्या माणसाला पुढच्या वर्षी बाजार कुठे जाईल हे कळत नाही. कुणालाच कळत नाही. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने नोंदणीकृत सल्लागारांना सक्तीने छापायला लावलेल्या सूचनेतही हेच आहे की ही नोंदणी किंवा प्रमाणपत्र परताव्याची हमी देत नाही. मग कागदाचा उपयोग काय? उपयोग असा की, हा माणूस कायद्याने कुणाला बांधलेला आहे आणि त्याचं पोट कुणाच्या पैशावर चालतं, हे तो कागद सांगतो. सेबीच्या 2013च्या गुंतवणूक सल्लागार नियमांनुसार नोंदणीकृत सल्लागार अशिलाच्या विश्वस्ताच्या भूमिकेत असतो. स्वतःच्या हिताचा कुठे संबंध येत असेल तर तो त्याने उघड करायचा, अशिलाची जोखीम पेलण्याची ताकद आधी लेखी तपासायची, दिलेला सल्ला त्या ताकदीला साजेसा का आहे याचं कारण नोंदवायचं, हे सगळं दप्तर पाच वर्षं जपायचं आणि दरवर्षी तपासून घ्यायचं. सल्ला फसला तर 'तुम्ही हे का सुचवलंत' असं विचारल्यावर समोर ठेवायला कागद असतो. विमा एजंटाला किंवा फंड वितरकाला असं काही बंधन नसतं असं नाही, पण ते वेगळं आणि बरंच पातळ असतं. विमा एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो. त्याचं प्रशिक्षण तासांत मोजलं जातं आणि परीक्षा 50 प्रश्नांची असते. म्युच्युअल फंड वितरक सेबीच्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची पाच-अ ही 100 गुणांची परीक्षा 50 गुणांवर पास होतो आणि फंड कंपन्यांच्या 'ॲम्फी' या संघटनेकडून एआरएन हा नोंदणी क्रमांक घेतो. सल्लागाराला एनआयएसएमच्याच दहा-अ आणि दहा-ब अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात, 60 टक्क्यांची अट असते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात.  

पण परीक्षेपेक्षा महत्त्वाचा मुद्दा पैशाच्या वाटेचा आहे. 2009च्या ऑगस्टपर्यंत म्युच्युअल फंडात पैसे घालतानाच एक हिस्सा कापला जाई आणि त्यातून वितरकाला दलाली मिळे. सेबीने ते बंद केलं. जानेवारी 2013पासून प्रत्येक योजनेचा 'डायरेक्ट' पर्यायही आला, ज्यात वितरकाचा वाटा नसतो. जुना 'रेग्युलर' पर्याय कायम राहिला आणि त्यात वितरकाला दरवर्षी, पैसे आहेत तोवर, फंडाच्या खर्चातून मोबदला मिळत राहतो. इक्विटी योजनेत हा फरक एक टक्क्याच्या आसपास जाऊ शकतो. एक टक्का ऐकायला किरकोळ आहे, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. 10 लाख रुपये 20 वर्षांसाठी ठेवले आणि वर्षाला 11 टक्के मिळाले तर ते सुमारे 80 लाख 60 हजार होतात. 10 टक्के मिळाले तर सुमारे 67 लाख 30 हजार. तेरा लाखांहून जास्त रक्कम या एका टक्क्यात गेली. ती वाया गेली असं मी म्हणत नाही. बाजार कोसळल्यावर 'काढू नका, थांबा' असं सांगायला जो वितरक घरी येऊन बसला, वारसाची नोंद करून दिली, मृत्यूनंतर विधवेच्या नावावर रक्कम करून देताना दोन महिने खेटे घातले, त्याने ती कमावली आहे. मुद्दा एवढाच की हा मोबदला आहे, तो अशिलाच्या खिशातून जातो, आणि तो देतो आहोत हे बहुसंख्य लोकांना ठाऊक नसतं. सल्लागाराची वर्षाची 20 हजारांची फी ऐकून 'नुसत्या सल्ल्याचे एवढे?' असं म्हणणारं घर वर्षानुवर्षं त्याहून अधिक रक्कम न दिसता देत आलेलं असतं. ही प्रतिक्रिया मूर्खपणाची नाही. जे दिसतं तेच टोचतं.

या सगळ्याचा परिणाम किती टोकाचा होऊ शकतो हे बघायचं तर येस बँकेच्या एटी-1 रोख्यांचं प्रकरण वाचावं. हे रोखे म्हणजे बँकेच्या भांडवलाचाच भाग. त्यांना परतफेडीची ठरलेली तारीख नसते, बँक अडचणीत आली तर व्याज थांबू शकतं आणि वेळ पडली तर मुद्दलही शून्यावर आणता येतं. म्हणून व्याजदर चढा, नऊ-साडेनऊ टक्के. ही वस्तू मुळात मोठ्या संस्थांसाठी, ज्यांच्याकडे असे धोके मोजणारी माणसं असतात त्यांच्यासाठी. मार्च 2020मध्ये बँक कोसळायच्या बेतात आली, तिला वाचवण्याची योजना झाली आणि सुमारे 8,415 कोटींचे हे रोखे एका फटक्यात शून्य करण्यात आले. सेबीच्या एप्रिल 2021च्या आदेशानुसार त्यात तेराशेहून अधिक व्यक्तिगत गुंतवणूकदार होते, आणि त्यांतले बहुतेक सगळे बँकेचेच जुने ग्राहक. 277 जणांनी तर स्वतःच्या मुदत ठेवी मुदतीआधी मोडून सुमारे 80 कोटी रुपये या रोख्यांत घातले होते. सेबीने बँकेला 25 कोटींचा दंड केला. पुढे ते प्रकरण अपिलात गेलं, आणि रोखे शून्य करणं योग्य होतं का, याचा वादही न्यायालयांत गेला. त्याचा निकाल काहीही असो, माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न वेगळा आहे. मुदत ठेव मोडून हा रोखा घे, असं सांगणाऱ्या माणसाच्या व्हिजिटिंग कार्डावर काय होतं? 'रिलेशनशिप मॅनेजर' किंवा 'वेल्थ मॅनेजर' या पाट्या बँक आपल्या कर्मचाऱ्याला देते. त्यासाठी ग्राहकाप्रती विश्वस्ताची जबाबदारी घ्यावी लागत नाही. त्या खुर्चीतल्या तरुणाला मी दोष देणार नाही, त्याच्या डोक्यावर तिमाहीचं टार्गेट असतं. पण वयस्कर ठेवीदाराची जोखीम पेलण्याची ताकद लेखी तपासायचं आणि ठेव मोडून हा रोखा का, याचं कारण स्वतःच्या सहीने लिहून पाच वर्षं जपायचं बंधन जर त्याच्यावर असतं, तर त्यातले किती व्यवहार झाले असते? 2020च्या दुरुस्तीने सेबीने नुसत्या वितरकांना 'वेल्थ ॲडव्हायझर' किंवा 'इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायझर' असं म्हणवून घ्यायला बंदी केली, ती यासाठीच.

नोंदणी बघण्यावर आपल्याकडचा सर्वांत बळकट आक्षेप कागदाचा नाही, नात्याचा आहे. तीस वर्षं घरी येणारे पॉलिसीवाले काका, मुलांच्या बारशाला आणि आजोबांच्या तेराव्याला हजर असणारे. त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागायचं? ते फसवतील का आपल्याला? या भावनेची चेष्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. महाराष्ट्रातल्या हजारो घरांना बचतीची सवय अशाच माणसांनी लावली. ते दर महिन्याला दारात उभे राहिले नसते तर ते पैसे उरलेच नसते. पण विश्वास दोन गोष्टींवर असू शकतो, माणसाच्या स्वभावावर आणि त्याच्या कामाच्या रचनेवर, आणि आपण पहिल्याचं माप दुसऱ्याला लावतो. काका प्रामाणिक आहेत आणि तरीही त्यांच्याकडे विकायला एकाच कंपनीच्या पॉलिस्या आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. विमा आणि बचत एकत्र बांधणारी एन्डाउमेंट पॉलिसी त्यांनी मनापासून चांगली समजूनच दिलेली असते. शिवाय नात्याची एक किंमत असते जिचा विचार आपण करत नाही: आपल्या माणसाला खोदून विचारता येत नाही. कमिशन किती, याच्याऐवजी दुसरं काय घेता येईल, मध्येच बंद केली तर हाती काय येईल, हे विचारलं की 'माझ्यावर विश्वास नाही का' हा पेच उभा राहतो, आणि नुकसान झालं तर तक्रार करणंही अशक्य होतं, कारण उद्या लग्नकार्यात समोर यायचं असतं. जमीन सख्ख्या भावाकडून घेतली तरी आपण सातबारा बघतो आणि भाऊही त्याचा राग मानत नाही, कारण ती रीत आहे. पैशाच्या सल्ल्यात ही रीत अजून पडलेली नाही. नोंदणी विचारणं हा अविश्वास नसून व्यवहाराचा भाग आहे असं एकदा ठरलं की नातं उलट मोकळं राहील.

दुसरा आक्षेप टोकदार आहे आणि तो टाळून चालणार नाही: नोंदणी असलेलेही फसवतात. कार्वी ही सेबीची नोंदणी असलेली, घराघरात पोचलेली दलाल पेढी होती. ग्राहकांचे शेअर तिने गहाण ठेवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर 2019मध्ये सेबीने तिच्यावर बंधनं घातली. अमेरिकेत बर्नार्ड मॅडॉफची पेढी 2006मध्ये तिथल्या नियामकाकडे सल्लागार म्हणून नोंदवली गेली होती आणि तिचा डोलारा कोसळला 2008च्या अखेरीस. मग कागदाला काय किंमत उरली? माझं उत्तर असं की नोंदणी चोरी रोखू शकेलच असं नाही, पण चोरीनंतर काय होतं यात ती जमीन-अस्मानाचा फरक पाडते. कार्वीच्या बाबतीत शेअरांची मूळ नोंद डीमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडे होती म्हणून डिसेंबर 2019मध्ये 80,000हून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत वळवता आले. सगळ्यांना सगळं लगेच मिळालं नाही, पण परतीची वाट होती. याउलट 2025च्या जानेवारीत मुंबईत 'टोरेस'च्या दादरच्या दुकानापुढे जमलेल्या लोकांची अवस्था आठवा. मोइसनाइटचे खडे घ्या, दर आठवड्याला परतावा घ्या, अशी ती योजना. तिथे कुठला नियामक नव्हता, कुठली डिपॉझिटरी नव्हती. उरला तो फौजदारी गुन्हा आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999चा राज्याचा कायदा, ज्यात मालमत्ता जप्त होते, लिलाव होतो आणि त्यातून मिळेल तेवढं वाटलं जातं, बहुतेक वेळा वर्षांनंतर. मॅडॉफचा धडा आणखी नेमका आहे. लोकांचे पैसे त्याच्याच ताब्यात होते आणि हिशेबही तोच छापत होता. भारतातला नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार तुमच्याकडून फक्त फी घेतो. गुंतवणुकीचे पैसे थेट फंडाकडे, पोस्टात किंवा तुमच्या स्वतःच्या डीमॅट खात्यामार्फत जातात. 'पैसे माझ्या खात्यात टाका, मी लावतो' असं जो म्हणेल, त्याच्याकडे कोणताही क्रमांक असला तरी उठून यावं.

पात्रता हवी हे मान्य केलं तरी ती कशाची, हे बघणंही तितकंच गरजेचं. आपल्याकडे सीए झालेल्या माणसाच्या शब्दाला मोठं वजन आहे, आणि ती परीक्षा किती खडतर असते हे लक्षात घेतलं तर ते रास्त आहे. पण ती पात्रता हिशेब, लेखापरीक्षण आणि कर यांची. मार्च महिन्यात कर वाचवण्याच्या गडबडीत 'कलम 80-सीसाठी काहीतरी घ्या' म्हणून घेतलेली पॉलिसी पुढे वीस वर्षं हप्ते मागत राहते, तेव्हा तो सल्ला कराचा होता, गुंतवणुकीचा नव्हता, हे विसरलं जातं. व्यवसायाला पूरक म्हणून असा सल्ला द्यायला सीएंना सेबीच्या नोंदणीतून सूट आहे, पण सूट म्हणजे पात्रता नव्हे. सीएफए ही पात्रता शेअर, रोखे आणि कंपन्यांच्या मूल्यांकनात खोल जाणाऱ्यांची. फंड चालवणाऱ्याकडे ती असलेली मला आवडेल, पण एकट्या आईच्या निवृत्तीचं नियोजन करायला ती असलीच पाहिजे असं नाही. तिथे सीएफपी अधिक कामाची, कारण तिच्या अभ्यासक्रमात विमा, निवृत्ती, कर आणि वारसा एकत्र येतात. पण सीएफपी हे खाजगी संस्थेचं प्रमाणपत्र आहे, फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा परवाना नाही. तो सेबीच्या नोंदणीनेच मिळतो. हा क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर नाव टाकून तो तपासता येतो. तपासताना तिथला फोन आणि ईमेल समोरच्याशी जुळतो का हेही बघावं, कारण खऱ्या सल्लागाराचा क्रमांक उचलून टेलिग्रामवर दुकान मांडणारे बरेच आहेत.

प्रसिद्धीला पात्रता समजण्याची चूक आता सर्वांत महाग पडते आहे. डिसेंबर 2025मध्ये सेबीने महाराष्ट्रातल्याच एका ट्रेडिंग अकादमीविरुद्ध अंतरिम आदेश काढून सुमारे 546 कोटी रुपये गोठवायला सांगितले. प्रशिक्षणाच्या नावाखाली नोंदणीशिवाय सल्ला दिल्याचा ठपका आहे. आदेश अंतरिम आहे, आरोपांना उत्तर द्यायची संधी पुढे असतेच. पण लोक तिथे गेले ते कोणाची नोंदणी बघून नव्हे, गर्दी बघून, एवढं तर मान्य करावं लागेल. दुसरीकडे सेबीच्याच अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांनी पैसे गमावले. जोखीम पेलण्याची ताकद आधी लेखी तपासण्याच्या नियमाला 'कागदी घोडे' म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. देशभरात नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपास, त्यातले बरेचसे मोठ्या शहरांत. बीडच्या शिक्षकाने किंवा चिपळूणच्या दुकानदाराने कुणाकडे जायचं? सेबीने डिसेंबर 2024मध्ये नियम सैल केले: पदव्युत्तर पदवीऐवजी पदवी चालेल, अनुभवाची अट गेली, नक्त मालमत्तेच्या जागी अशिलांच्या संख्येनुसार 1 लाख ते 10 लाखांची अनामत आली, दुसरा व्यवसाय सांभाळून अर्धवेळ सल्लागार होण्याचीही मुभा मिळाली. मालमत्तेची अट गेली ते बरंच झालं. सल्लागार श्रीमंत असण्याचा अशिलाला काय उपयोग? अनुभवाची अट जाणं मात्र मला खटकतं. पहिली घसरण अशिलासोबत सोसल्याशिवाय या कामात माणूस तयार होत नाही, आणि तो अनुभव कुणाच्या तरी हाताखाली घेतलेला बरा. तरीही सल्लागार वाढायचे तर दार रुंद करावंच लागणार होतं. फीवर वरची मर्यादा आहे, ठरावीक रकमेच्या पद्धतीत कुटुंबामागे वर्षाला 1 लाख 51 हजार, आणि साध्या घरासाठी प्रत्यक्ष फी तिच्या बरीच खाली असते. भेट व्हिडिओवर होऊ शकते. शिवाय ज्या घराला टर्म विमा, आरोग्य विमा, पीपीएफ आणि एखादा इंडेक्स फंड पुरतो, त्याला दरवर्षी सल्लागार लागतही नाही. निवृत्तीच्या वेळी, घर विकल्यावर, वारसाहक्काची रक्कम आल्यावर एकदा नीट बसलं तरी पुष्कळ. आणि गावातल्या वितरकाकडेच जायचं असेल तर जावं, फक्त एआरएन क्रमांक बघून, तो विक्रेता आहे हे ध्यानात ठेवून, आणि 'यात तुम्हाला वर्षाला किती मिळतं' हे विचारून. चांगला वितरक याचं उत्तर आकड्यात देतो. सल्लागाराच्या बाबतीत तोंडी विचारण्याचीही गरज नसावी: करारावर सही झाल्याशिवाय त्याला फी घेता येत नाही, आणि त्या करारात फी किती, कशी आणि कधी, हितसंबंध कोणते, तक्रार कुठे करायची हे लिहिलेलं असावं लागतं. तो करार बहुधा इंग्रजीत हाती पडतो. मराठीत मागावा, आणि मिळेपर्यंत सही करू नये.